ब्राऊन शुगर, ट्रामाडॉल आणि व्हिडिओ कॉल : गोव्यात यातलं किती जमतं?

मांडवीपलीकडे (धागाकर्ता)

काणकोण, सांगे, सत्तरी किंवा पेडण्याच्या टोकाकडून बांबोळीला मानसोपचार संस्थेत यायचं म्हणजे रोजंदारीचा दिवस बुडालाच. त्यामुळे ब्राऊन शुगरमध्ये (म्हणजे हलक्या हेरॉइनमध्ये) किंवा ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूलमध्ये अडकलेल्या माणसाच्या घरून पहिला प्रश्न ठरलेला : डॉक्टर व्हिडिओवर बघून गोळी लिहून देतील का? यावर व्हॉट्सअॅपवर फिरणारी माहिती निम्मी अमेरिकेतली आणि निम्मी कोविडच्या काळातली असते, म्हणून हा धागा.

आधी कायद्याची चौकट सांगतो, म्हणजे पुढे त्यावर पानं खर्ची पडायला नकोत. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची (फोन-व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ल्याची) मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात औषधांच्या याद्या आहेत. 'ओ' यादीतली साधी औषधं फोनवरही सांगता येतात. 'ए' यादीतली पहिल्याच सल्ल्यात लिहिता येतात, पण तो व्हिडिओवर झालेला हवा. 'बी' यादीतली आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला, त्याच आजारासाठी, चालू औषधात भर म्हणून. आणि शेवटची बंदीची यादी : शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणातली औषधं), आणि एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात नोंदलेली सगळी गुंगीकारक व मनःप्रभावी द्रव्यं. ब्युप्रेनॉर्फिन यात येतं. म्हणजे ज्या गोळीवर या उपचाराचा मुख्य भार, तीच व्हिडिओवर लिहिता येत नाही. ट्रामाडॉलही एप्रिल २०१८ पासून एनडीपीएसखाली आहे, त्यामुळे "कमी करत न्यायला थोडी ट्रामाडॉलच लिहून द्या" हाही मार्ग व्हिडिओवर बंद.

तरी माझं मत असं की उपचाराचा मोठा भाग व्हिडिओवर होऊ शकतो. पहिल्या डोसच्या आदल्या रात्रीपासून पुढचे कित्येक महिने. जाणकारांनी आपापल्या बाजूचं लिहावं : वेळा, मात्रा, तपासण्या, कुठे फसतं आणि का. "मी कसा सुटलो" प्रकारासाठी दुसरे धागे आहेत, इथे फक्त कृती.

---

अर्धविराम

गोळी व्हिडिओवर देता येत नाही हे खरं. पण गोळी कधी द्यायची हे ठरवायला व्हिडिओ फार कामाचा आहे, आणि आपल्याकडे त्याचा तोच उपयोग सगळ्यात कमी होतो.

कारण समजून घ्या. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ओपिऑइड ग्राहींना (अफूजन्य आणि तशा द्रव्यांचा असर जिथे होतो त्या जागांना) घट्ट चिकटतं, पण त्यांना अर्धवटच चालू करतं. अंगात अजून ब्राऊन शुगर असताना गोळी घेतली तर ती ब्राऊन शुगरला हुसकावून तिची जागा घेते. परिणाम एकदम घसरतो. जी टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) दीड-दोन दिवसांत चढली असती ती अर्ध्या-एक तासात अंगावर येते : उलट्या, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं, जिवाची तगमग. रुग्णाची पक्की समजूत होते की या गोळीनेच मला मारलं. पुन्हा तो ओपीडीत फिरकत नाही आणि चार दोस्तांनाही तेच सांगतो.

म्हणून ब्राऊन शुगर ओढणाऱ्याने शेवटच्या दमानंतर किमान १२ तास थांबायचं, जास्त थांबता आलं तर उत्तम. मेथाडोन या दीर्घकाळ टिकणाऱ्या ओपिऑइडवर असलेल्याला ३६ ते ७२ तास. पण नुसत्या घड्याळावर विसंबू नका, लोक शेवटच्या दमाची वेळ हमखास मागे ढकलून सांगतात. अंगावर दिसणारी लक्षणं मोजायची. त्यासाठी 'काऊज' नावाचं कोष्टक आहे, ११ बाबी, जास्तीत जास्त ४८ गुण. ५ ते १२ म्हणजे सौम्य टर्की, १३ ते २४ मध्यम, २५ ते ३६ बऱ्यापैकी तीव्र, त्यापुढे तीव्र. साधारण ८ ते १२ च्या खाली पहिली गोळी देऊ नये, आणि शंका असेल तर वरच्या आकड्याची वाट पाहावी.

आता व्हिडिओवर हे कसं मोजायचं ते.

नाडी : माणूस एक मिनिट शांत बसल्यावर घरातल्या दुसऱ्याने बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा कॅमेऱ्यासमोर धरायचा. ८० पर्यंत शून्य, ८१ ते १०० ला एक, १०१ ते १२० ला दोन, त्यावर चार. जिना चढून आलेल्याची नाडी धरलीत तर दोन गुण फुकटचे.

घाम : एप्रिल-मेच्या गोव्यात सगळेच घामाघूम असतात. कोष्टकात हवामानाचा किंवा धावपळीचा घाम धरायचा नसतो. पंख्याखाली दहा मिनिटं बसवा आणि मग बघा.

बुबुळं : इथे सर्वांत जास्त चुकतं. खोलीत अंधार असेल तर कुणाचीही बाहुली मोठी दिसते. खिडकीकडे तोंड करून, मागचा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात, डोळ्यापासून वीतभर अंतरावर. टॉर्च मारायचा नाही. बुबुळाची फक्त कड दिसत असेल तर ५ गुण. प्रतिमा फुटत असेल तर एक स्थिर फोटो मागवा.

शहारे : बाही वर करून हात कॅमेऱ्यासमोर आडवा धरायला सांगा. व्हिडिओवर नीट दिसले नाहीत तर घरच्यांनी हात फिरवून सांगायचं. स्पष्ट जाणवले तर ३, ठळक असतील तर ५.

कंप : दोन्ही हात पुढे, बोटं पसरून. फोन टेबलावर टेकवलेला हवा, नाहीतर फोनच हलतो.

जांभया, नाक-डोळ्यांतलं पाणी, चुळबुळ हे बोलता बोलता दिसतं, मुद्दाम विचारायची गरज नाही. उलटी-जुलाब, सांधेदुखी आणि जिवाची घालमेल विचारून घ्यायची.

आता वेळेची घडी. आदल्या रात्री ९ च्या सुमारास पहिला कॉल : शेवटचा दम कधी, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या आहेत का, उद्या सोबत कोण येणार. सकाळी निघण्यापूर्वी दुसरा कॉल, गुणांसह. गुण ४ आले तर "आज नको, उद्या" किंवा "दुपारच्या गाडीने या". त्यामुळे माणूस अर्धवट टर्कीत बांबोळीला येऊन रांगेत चार तास बसत नाही आणि कंटाळून बसस्टँडवर जाऊन पुन्हा ओढत नाही. पहिली गोळी ओपीडीत समोर : २ किंवा ४ मिग्रॅ, एक-दोन तासांनी पुन्हा मोजून गरज असेल तर आणखी, पहिल्या दिवशी साधारण ८ पर्यंत. संध्याकाळी घरून तिसरा कॉल. त्या दिवशी स्वतः दुचाकी चालवत परत जायचं नाही, बसने जा किंवा पायलट (मोटरसायकल टॅक्सी) धरा.

---

पिळर्णकर

उपयुक्त. एक शंका. ट्रामाडॉलवाल्यांनाही हेच १२ तास आणि हेच कोष्टक लावायचं का? इकडे शॅकवर, बारमध्ये रात्रपाळी करणाऱ्या पोरांमध्ये कॅप्सूलचंच प्रमाण दिसतं.

---

अर्धविराम

वेळ साधारण तीच, पण ट्रामाडॉलचे दोन वेगळे खोडे आहेत.

एक, ते नुसतं ओपिऑइड नाही. सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिनवरही काम करतं. त्यामुळे बंद केल्यावर काहींना नेहमीच्या टर्कीऐवजी भलतंच होतं : भीतीचे झटके, अंगावर मुंग्या, कानात आवाज, संशय. काऊजमध्ये हे पकडलं जात नाही, गुण कमी येतात आणि माणूस मात्र बेजार. तिथे आकडा बाजूला ठेवून तो काय सांगतोय ते ऐकायचं.

दोन, फिट. दिवसाला ४०० मिग्रॅच्या वर गेलेल्यांत धोका वाढतो. आधी कधी फिट आली होती का, डोक्याला मार लागला होता का, नैराश्याची गोळी चालू आहे का, हे पहिल्याच कॉलला विचारा. 'हो' आलं तर व्हिडिओचा नाद सोडा, भरती करून घ्या.

शिवाय पोटदुखीच्या नावाखाली मिळणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये ट्रामाडॉलबरोबर पॅरासिटामॉल असतं. दिवसाला १०-१५ घेणारा माणूस यकृताचीही वाट लावत असतो. म्हणून रिकामं पाकीट कॅमेऱ्यासमोर मागा, मागची बाजू, घटक वाचता येतील असं. "लाल-पिवळी कॅप्सूल" या वर्णनावर हिशेब करू नका.

---

औषधवाला_म्हापसा

पुरवठ्याची बाजू. ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची (नॅलोक्सोन म्हणजे ओपिऑइडचा असर उतरवणारं औषध) गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मागू नका, मिळणार नाही. ती व्यसनमुक्ती केंद्रांना आणि रुग्णालयांनाच पुरवली जाते. म्हणजे उद्या नियम बदलून व्हिडिओवर लिहायची परवानगी आली तरी गोळी आणायला केंद्रावर जावंच लागेल. लोक इंटरनेटचं रडगाणं गातात, खरी अडचण ही आहे.

आपल्याकडे दोन ताकदी मिळतात : ०.४ मिग्रॅ (सोबत नॅलोक्सोन ०.१) आणि २ मिग्रॅ (सोबत ०.५). पाचपटीचा फरक. व्हिडिओवर "दोन गोळ्या घेतोय" एवढ्यावर थांबलात तर तो ०.८ घेतोय की ४, कळायला मार्ग नाही. केंद्र बदललं, साठा संपला म्हणून दुसरी ताकद दिली, असं झालं की घोळ होतोच. प्रत्येक कॉलला पाकीट दाखवायला सांगा आणि चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या आणि एकूण मिग्रॅ दोन्ही लिहा.

आणि घ्यायची पद्धत. "गोळी लागू पडत नाही" म्हणणाऱ्यांतले बरेच जण ती गिळतात. गिळली तर यकृतातच बहुतेक वाया जाते. आधी घोटभर पाणी पिऊन तोंड ओलं करायचं. गोळी जिभेखाली, एकापेक्षा जास्त असतील तर दोन्ही बाजूंना. पूर्ण विरघळेपर्यंत, म्हणजे पाच ते दहा मिनिटं, बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, बिडी-सिगरेट नाही. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरून गिळायची. दात मात्र तासभर घासायचे नाहीत, कारण गोळी आम्लधर्मी असते आणि मऊ पडलेलं दंतवल्क ब्रशने खरवडलं जातं.

पहिले काही दिवस हे सगळं कॅमेऱ्यासमोर करून घ्या. गोळी ठेवताना जीभ वर, दहा मिनिटांनी पुन्हा जीभ वर. मधली दहा मिनिटं कॉल चालू ठेवायला लोक लाजतात, पण तीच महत्त्वाची आहेत.

---

उसगावात_डिचोलीकर

थोडा विरोध नोंदवतो. तुम्ही सगळे बंदी गृहीत धरून चालला आहात. अमेरिकेत २००८ च्या रायन हेट कायद्याने प्रत्यक्ष भेट सक्तीची होती, ती कोविडमध्ये २०२० ला शिथिल झाली. डिसेंबर २०२२ मध्ये ब्युप्रेनॉर्फिन लिहायला लागणारी डॉक्टरांची वेगळी परवानगीच काढून टाकली. जानेवारी २०२५ मध्ये डीईए या तिथल्या अमली पदार्थ नियंत्रण संस्थेने नियम जाहीर केला की प्रत्यक्ष न भेटता, नुसत्या फोनवरच्या सल्ल्यानेही, सुरुवातीला सहा महिन्यांपर्यंतचं ब्युप्रेनॉर्फिन लिहिता येईल. आकाश कोसळलं नाही. मग इथेच एवढी भीती का?

---

मांडवीपलीकडे

भीतीपेक्षा परिस्थितीचा फरक मोठा आहे. तिथे चिठ्ठी थेट औषध दुकानात जाते आणि कुणी किती लिहिलं, कुणी किती नेलं याची राज्याराज्यांत संगणकीय नोंद असते. तिथला मुख्य शत्रू फेंटानिल हे अतितीव्र ओपिऑइड, एका चुकीला जीव जातो, त्यामुळे गोळी लवकर हातात पडणं हाच बचाव. आपल्याकडे औषध केंद्रातून मिळतं आणि ते फोडून टोचण्याची जुनी डोकेदुखी आहे. गोळीत नॅलोक्सोन घालतात ते त्यासाठीच : जिभेखाली ते जवळपास शोषलं जात नाही, टोचलं तर टर्की आणतं.

तरीही तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ओपिऑइडसाठी मदतीची गरज असलेले ७७ लाख निघाले. एवढ्यांना रोज केंद्राच्या दारात उभं करणं शक्य नाही. टाळेबंदीत स्थिर रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायची मुभा दिली गेली होतीच. चंडीगडच्या पीजीआयने २०२० मध्ये आधी फोन, मग गरजेप्रमाणे व्हिडिओ, मग त्याहून गरज असेल तरच प्रत्यक्ष, अशी पायऱ्यांची पद्धत चालवली. बंदी शिथिल व्हावी असं मलाही वाटतं, निदान प्रत्यक्ष तपासून स्थिर झालेल्यांसाठी. पण आज रुग्णाला सांगताना आजचा नियम सांगायचा.

---

फोंड्याची_समुपदेशक

कॉल प्रत्यक्षात कसा चालवायचा हे कुणी लिहिलं नाही, ते लिहिते.

कॉल सुरू झाल्यावर सर्वप्रथम पत्ता विचारायचा. "आत्ता कुठे आहात?" घरचा पत्ता कागदावर असतोच, पण माणूस कळंगुटला मित्राच्या खोलीवर असू शकतो. मध्येच काही बिनसलं तर १०८ ला कुठे पाठवायची हे कळायला हवं. त्याच दमात घरातल्या किंवा शेजारच्या एकाचा नंबर, जो पाच मिनिटांत पोचू शकेल. मग कॉल तुटला तर कोण कुणाला फोन लावणार ते ठरवा. दोघंही लावत बसतात आणि दोघांनाही फोन व्यस्त लागतो.

नेत्रावळी, खोतीगाव या बाजूला व्हिडिओ धड चालत नाही. तिथे दहा मिनिटं चित्र आणि उरलेलं बोलणं साध्या फोनवर असं करा. चित्र लागतं ते डोळे, हात, गोळीचं पाकीट आणि चेहरा एकदा बघायला. समुपदेशन आवाजावर उत्तम चालतं, उलट काही जण चेहरा दिसत नसला की जास्त मोकळे होतात. निनावी सल्ला मात्र चालत नाही, ओळख पटवणं बंधनकारक आहे.

खाजगीपणा हा मोठा विषय. आपल्याकडच्या घरात सासू बाजूच्या खोलीत नाही, बाजूच्या खुर्चीत असते. इअरफोन लावायला सांगा, आणि प्रश्न असे विचारा की उत्तर 'हो-नाही'त देता येईल. एक साधा शब्द ठरवून ठेवा, "पाऊस आहे" वगैरे. तो आला की समजायचं कुणीतरी ऐकतंय, विषय बदला. पती किंवा वडील मारहाण करतात अशी शंका असेल तर हे फार कामी येतं.

दुसरी बाजूही आहे. घरच्यांना पूर्ण बाहेर ठेवू नका. शेवटची पाच मिनिटं रुग्णाच्या संमतीने त्यांची. गोळ्या कुणाच्या कपाटात, चावी कुणाकडे, लहान मूल घरात आहे का. गोळी लहान मुलाच्या तोंडात गेली तर श्वास थांबू शकतो, हे स्पष्ट शब्दांत सांगा, आडून नको.

वेळ ठरवताना कामाचं चक्र बघा. शॅकवाल्याला सकाळी १० ला उठवून काही उपयोग नाही, दुपारी ३ ते ५ ठीक. मालीम, कुटबणच्या ट्रॉलरवरचे खलाशी समुद्रात गेले की रेंज नाही, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना बरेच जण आपापल्या राज्यात गावी जातात. त्यांना मे महिन्यातच तिकडच्या केंद्राच्या नावाने पत्र द्या : चालू मात्रा, कधीपासून, शेवटची गोळी कोणत्या तारखेला दिली. पत्र नसेल तर तिकडचं केंद्र शून्यापासून सुरू करतं किंवा परत पाठवतं.

---

लॅबवाला

लघवीच्या तपासणीबद्दल दोन ओळी, कारण यात गैरसमज फार.

साधी 'मॉर्फिन'ची पट्टी ब्राऊन शुगर आणि कोडीनचं खोकल्याचं औषध पकडते, शेवटच्या सेवनानंतर दोन-तीन दिवस. ट्रामाडॉल ती पकडत नाही. ब्युप्रेनॉर्फिनही नाही. त्या दोन्हींच्या वेगळ्या पट्ट्या लागतात. मॉर्फिनची पट्टी निगेटिव्ह आली म्हणून ट्रामाडॉलवाल्याला शाबासकी देणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी उलट कारणासाठी हवी : ती निगेटिव्ह आली तर गोळ्या पोटात न जाता दुसरीकडे चालल्यात.

व्हिडिओवर करायची तर तापमानाची पट्टी असलेला डबा घ्या. चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंशांच्या मध्ये दिसायला हवं. डब्यावर त्या दिवशीची तारीख आणि कॉल सुरू असताना तुम्ही सांगितलेला एखादा आकडा पेनने लिहायला लावा, मग माणूस आत जाईल. आत कॅमेरा न्यायचा नाही, कृपा करून.

आणि खसखस. शागोतीच्या वाटणात ती पडतेच. भरपूर खाल्ली असेल तर मॉर्फिनची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. निकाल सांगण्याआधी काल काय जेवलात ते विचारा. पट्टीवर कुणाची नोकरी किंवा जामीन ठरणार असेल तर प्रयोगशाळेतून खात्रीची तपासणी करून घ्या, पट्टी ही फक्त चाळणी आहे.

---

सत्तरीचा

ज्यांना ब्युप्रेनॉर्फिन नकोच आहे, "एक व्यसन सोडून दुसरं कशाला" म्हणतात, त्यांना नॅलट्रेक्सोन (ओपिऑइडचा असर रोखणारी गोळी) व्हिडिओवर चालेल ना? ते एनडीपीएसमध्ये नाही.

---

अर्धविराम

बरोबर, ते एनडीपीएसमध्ये नाही. कायद्याने ते सोपं आहे. वैद्यकीयदृष्ट्या मात्र अटी कडक. ओपिऑइड पूर्ण बंद होऊन ७ ते १० दिवस झाले पाहिजेत, नाहीतर वर लिहिलेली टर्की याच्यानेही येते आणि जास्त लांबते, कारण औषध अंगात टिकतं. पट्टी निगेटिव्ह, यकृताची तपासणी, मग ५० मिग्रॅ रोज, घरच्या माणसाच्या देखत. मधले ७-१० दिवस क्लोनिडिन (टर्कीचा त्रास कमी करणारं औषध), जुलाब-उलटीची औषधं, वेदनाशामक यांवर काढायचे असतात. क्लोनिडिनने रक्तदाब पडतो, म्हणून प्रत्येक डोसच्या आधी घरच्या यंत्रावर बघायचा आणि ९०/६० च्या खाली असेल तर डोस गाळायचा. घरात बीपीचं यंत्र नसेल तर व्हिडिओवर क्लोनिडिन सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत.

नॅलट्रेक्सोन चालू असताना अपघात झाला तर नेहमीची ओपिऑइड वेदनाशामकं काम करत नाहीत. खिशात चिठ्ठी हवी.

आणि "एक व्यसन सोडून दुसरं" याबद्दल. नुसती टर्की काढून घरी सोडलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा वळतात, आणि तोवर सहनशक्ती उतरलेली असते. जुन्याच मापाचा दम घेतला की श्वास थांबतो. गोळीवर असलेला माणूस या धोक्यापासून बराच वाचतो. मात्राही पुरेशी हवी. दिवसाला २ मिग्रॅवर ठेवून "तरी ओढतोच" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही, बहुतेकांना ८ ते १६ लागतात.

क्षयाचं औषध चालू असेल तर आवर्जून कळवा. रिफाम्पिसिनने ब्युप्रेनॉर्फिनची रक्तातली पातळी खाली येते, स्थिर माणूस अचानक टर्कीत जातो आणि सगळे त्याच्यावर संशय घेतात.

---

पिळर्णकर

आणि फेणी?

---

अर्धविराम

तोच तर प्रश्न बहुतेक जण कॉलवर विचारत नाहीत. नुसत्या ब्युप्रेनॉर्फिनने श्वास थांबणं विरळा, पण सोबत दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या असतील तर धोका खरा. "दारू पिता का?" ला "नाही" येतं, कारण बऱ्याच घरांत उर्राक-फेणीला कुणी दारू म्हणतच नाही. नाव घेऊन विचारा, पेग विचारा, शेवटचा कधी ते विचारा. रोज सकाळी हात थरथरतात म्हणून पिणारा असेल तर त्याची दारू व्हिडिओवर सोडवायची नाही. फिट आणि वाताचा (भ्रम होऊन बरळण्याचा) धोका असतो, तिथे भरतीच.

गरोदर बाईचंही असंच, पहिल्यापासून प्रत्यक्ष.

---

कायदा_पणजी

लोक व्हिडिओ मागतात त्यामागे एक कारण पोलिसांची भीती असतं, म्हणून लिहितो. एनडीपीएसच्या कलम ६४ए नुसार, व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याला त्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढूनही घेता येतं. हेरॉइनचं अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत. म्हणून मान्यताप्राप्त ठिकाणी केसपेपर काढणं फायद्याचं. कुठल्या तरी अॅपवरच्या व्हिडिओ सल्ल्याने या कलमाचा लाभ मिळेल असं धरून चालू नका.

घरी आणलेल्या गोळ्या केंद्राच्या पाकिटातच ठेवा, चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये. सुट्या गोळ्या खिशात घालून पत्रादेवी किंवा पोळेच्या सीमेवरच्या नाक्यावरून जाऊ नये.

---

फोंड्याची_समुपदेशक

हेल्पलाइन विचारणाऱ्यांसाठी : टेलिमानस (मानसिक आरोग्यासाठी) १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. दोन्हीकडे बोलायला माणूस मिळतो आणि पुढे कुठे जायचं ते सांगतात. गोळी तिथून येत नाही.

---

सत्तरीचा

शेवटचं. कॉल चालू असताना समोरचा पेंगायला लागला, उत्तरं तुटक येऊ लागली तर नेमकं काय करायचं? नॅलोक्सोन घरी ठेवावं का?

---

अर्धविराम

आधी जोरात नाव घेऊन हाक मारा, घरच्याला खांदा हलवायला आणि छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात घासायला सांगा. जागा झाला तर बसवून ठेवा, काय काय घेतलं ते विचारा, कॉल सोडू नका. जागा झाला नाही, ओठ निळसर, श्वास मिनिटाला दहाच्या खाली किंवा घोरल्यासारखा गुरगुर असेल तर दुसऱ्या फोनवरून १०८. श्वास चालू असेल तर कुशीवर, तोंड खाली कललेलं. श्वास थांबला असेल तर पाठीवर, हनुवटी वर, नाक दाबून दर पाच सेकंदांनी एक श्वास तोंडाने. नाडीच लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात. तोंडात पाणी, लिंबू, कॉफी काही घालायचं नाही, थंड पाण्याची बादलीही नाही.

नॅलोक्सोन आपल्याकडे मुख्यतः इंजेक्शनच्या कुपीत मिळतं, ०.४ मिग्रॅची. स्नायूत किंवा शिरेत देतात, दोन-तीन मिनिटांत फरक न पडल्यास पुन्हा. घरात ठेवायचं तर ते टोचायला शिकलेलं कुणीतरी घरात हवं, नुसती कुपी कपाटात असून भागत नाही. त्याचा असर अर्धा ते दीड तासात उतरतो आणि ओपिऑइड त्याहून जास्त टिकतं. म्हणून शुद्धीवर येऊन "मला काही झालं नाही" म्हणाला तरी रुग्णवाहिकेतून न्यायचंच. ब्युप्रेनॉर्फिनवर नॅलोक्सोन नेहमीच्या मात्रेत पुरत नाही, जास्त लागतं, त्यामुळे तिथे तोंडाने श्वास देणं हाच पहिला आधार. १०८ वाल्यांच्या हातात रिकामी पाकिटं द्या, सगळी. कॅप्सूलचीही.